पन्नास माकडे की पाच?

ब्राझीलमधल्या शाळांत वर्गसमीकरण सोडवण्याचे सूत्र ‘भास्कराचे सूत्र’ या नावाने शिकवतात. महाराष्ट्रात दहावीची मुले त्यालाच नुसती ‘सूत्र पद्धत’ म्हणतात आणि पुढे जातात. सह्याद्रीच्या कुशीतल्या बाराव्या शतकातल्या गणित्याचे नाव तिकडे पोर्तुगीज बोलणाऱ्या पोरांच्या तोंडी रुळले आहे. गंमत अशी की खुद्द भास्कराचार्यांना हा मान घ्यायला संकोच वाटला असता. ही रीत आपली नव्हे, श्रीधराचार्यांची, हे त्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथातच नोंदवून ठेवले आहे. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ पुढे काळाच्या ओघात नाहीसा झाला. भास्कराचार्यांनी नाव घेऊन नियम उतरवून ठेवला, म्हणून तो श्रीधरांचा हे आज कळते.

नियम मोठा हुशारीचा आहे. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचे, मग अव्यक्ताच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवायचा. डावी बाजू आपोआप पूर्ण वर्ग होते. मग वर्गमूळ काढायचे की झाले. चारने गुणण्यात खरी खुबी आहे, कारण त्यामुळे मध्ये कुठे अर्धा-पाव येत नाही. शाळेतल्या पूर्ण वर्ग पद्धतीत सहगुणकाचे अर्धे करताना अपूर्णांकांत अडकलेल्या कोणालाही याची किंमत कळेल.

‘लीलावती’तले भुंग्यांचे उदाहरण घ्या. तेच भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’तही घेतले आहे. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीच्या फुलांकडे गेले, सगळ्या थव्याचा आठ-नवमांश भाग गेला, आणि उरली एक जोडी. सुगंधाच्या लोभाने नर रात्री कमळात अडकून गुणगुणतो आहे आणि मादी बाहेरून त्याला साद देते आहे. भुंगे किती? निम्म्याचे मूळ घ्यायचे आहे, म्हणून भास्कराचार्य थवा २क्ष² धरतात. मांडणी करत गेल्यावर २क्ष² − ९क्ष = १८ असे समीकरण मिळते. आता श्रीधरांची रीत: दोन्ही बाजूंना ८ ने गुणले की १६क्ष² − ७२क्ष = १४४. ९ चा वर्ग ८१ मिळवला की डावीकडे (४क्ष − ९) चा वर्ग, उजवीकडे २२५. मूळ १५, म्हणून क्ष = ६ आणि भुंगे ७२. ताळा करा: ३६ चे मूळ ६, ७२ चे आठ-नवमांश ६४ आणि जोडीचे २. बरोबर ७२.

अर्थात भास्कराचार्य ‘क्ष’ लिहीत नव्हते. ते अव्यक्ताला ‘यावत्-तावत्’ म्हणत, त्याचे पहिले अक्षर ‘या’ आणि त्याच्या वर्गासाठी ‘याव’ लिहीत, ज्ञात संख्येसाठी ‘रू’. ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक, दोन ओळींत. दुसरे अव्यक्त लागले की काळा, निळा, पिवळा, तांबडा अशी रंगांची नावे. आजच्या डोळ्यांना हे विचित्र वाटेल, पण ही मांडणी कामाला चोख होती.

वर्गसमीकरण तसे भास्कराचार्यांच्याही फार आधीचे. ब्रिटिश म्युझियममध्ये बॅबिलोनची एक मातीची वीट आहे, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावरचे पहिलेच गणित असे: चौरसाचे क्षेत्रफळ आणि त्याची बाजू यांची बेरीज पाऊण होते, तर बाजू किती? लेखनिकाने एकाचे अर्धे केले, त्याचा वर्ग पाव, त्यात पाऊण मिळवून एक, त्याचे मूळ एक, त्यातून अर्धा वजा करून उत्तर अर्धा. क्षेत्रफळात लांबी कशी मिळवायची असला प्रश्न त्याला पडला नाही. कोणते पद कशाने गुणायचे याचे सूत्रही त्याने लिहिले नाही. पायऱ्या सांगितल्या आणि पुढच्या गणिताकडे वळला.

सूत्र म्हणता येईल असा नियम आपल्याकडे लख्ख दिसतो तो ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त. इसवी सन ६२८. ब्रह्मगुप्त राजस्थानातल्या भिल्लमाळचा, म्हणजे आजच्या भीनमाळचा, आणि वय अवघे तीस. धन, ऋण आणि शून्य यांची बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसे करायचे, याचे नियम त्याने याच ग्रंथात घालून दिले. ‘धन’ म्हणजे गाठीचा पैसा आणि ‘ऋण’ म्हणजे कर्ज. या जोडीमुळे वर्गसमीकरणाच्या एका साच्यात सगळे प्रकार बसले. त्याच्यानंतर दोनेकशे वर्षांनी बगदादमध्ये, खलिफा मामूनच्या काळात, अल-ख्वारिज्मीने जे पुस्तक लिहिले त्यात ऋण सहगुणक नाहीत; म्हणून त्याला समीकरणांचे सहा वेगळे प्रकार करावे लागले आणि प्रत्येकाची वेगळी रीत द्यावी लागली. पण त्याची एक गोष्ट वाखाणण्यासारखी आहे. रीत बरोबर का, हे तो चौरस काढून दाखवतो. एक चौरस, त्याला जोडलेल्या पट्ट्या आणि कोपऱ्यात राहिलेली रिकामी जागा. ती भरली की पूर्ण चौरस.

या बगदादी पुस्तकात एक बारीक गोष्ट आहे. क्ष² + २१ = १०क्ष या समीकरणाची उत्तरे ३ आणि ७ अशी दोन येतात आणि अल-ख्वारिज्मी दोन्ही मान्य करतो. शिवाय सांगतो की क्ष च्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग ज्ञात संख्येपेक्षा लहान निघाला तर गणितच अशक्य. म्हणजे रीत सापडून गेल्यावरही एक प्रश्न उरला होताच: आलेल्या उत्तरांपैकी खरे कोणते मानायचे? वर्गसमीकरणाचा पुढचा इतिहास रंगतो तो याच प्रश्नाभोवती. सूत्र कोणी शोधले हा वाद भाषणांना बरा, पण त्यात फारसे काही हाती लागत नाही.

११४५ मध्ये स्पेनच्या सेगोव्हियात चेस्टरच्या रॉबर्टने अल-ख्वारिज्मीचे पुस्तक लॅटिनमध्ये आणले आणि युरोपात बीजगणिताचा शिरकाव झाला. त्याच दशकात इकडे दख्खनमध्ये एक ज्योतिषी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचत होता. तो शके १०३६ मध्ये जन्मला आणि ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता, ही माहिती त्याने स्वतःच दिली आहे. म्हणजे इसवी सन १११४ आणि ११५०. गाव सांगितले ते सह्य पर्वताजवळचे विज्जडविड. ते नेमके कुठले यावर विजापूर, बीड, चाळीसगावजवळचे पाटण असे दावे अजून चालूच असतात. वडील महेश्वर, तेच गुरू. ‘बीजगणित’ हा या सिद्धांतशिरोमणीचाच एक भाग. शेवटी ते सांगतात की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांचे ग्रंथ फार विस्ताराचे, म्हणून त्यांतले सार काढून आपण हे लहान पुस्तक शिष्यांसाठी केले. नम्रपणे सांगितले खरे, पण सार काढता काढता त्यांनी या पूर्वसूरींपैकी एकाला चांगलेच कोपऱ्यात गाठले.

त्या प्रकरणाची सुरुवात माकडांपासून.

पहिला कळप असा: सगळ्या माकडांच्या एक-अष्टमांशाचा वर्ग एवढी माकडे राईत खेळत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर किचकिचाट करत आहेत. गणित केले की दोन उत्तरे येतात, ४८ आणि १६. ताळा पाहा. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक बारा, ४८. सोळाचा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक बारा, १६. भास्कराचार्य दोन्ही उत्तरे घेतात.

दुसरा कळप त्रासदायक. माकडांचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, त्याचा वर्ग एवढी माकडे गुहेत शिरली; एकच फांदीवर दिसते आहे. पुन्हा दोन उत्तरे, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग दहा, वजा तीन सात, वर्ग ४९, अधिक एक. ठीक. पाचचा पाचवा भाग एक. एकातून तीन वजा कसे करायचे? अंकगणिताला हरकत नाही: उणे दोनचा वर्ग चार, अधिक एक, पाच. समीकरण तंतोतंत जुळते. पण भास्कराचार्य पाच हे उत्तर बाजूला ठेवतात आणि कारण देतात की व्यक्त संख्या ऋण झाली तर लोकांना ती पटत नाही.

हे कारण फार विचार करायला लावते. ते ‘चूक’ म्हणत नाहीत. ‘अशक्य’ही म्हणत नाहीत. ऋण संख्यांची सगळी रीत त्यांना पाठ होती, ती त्यांनीच ग्रंथाच्या सुरुवातीला शिकवली होती. कर्जाच्या हिशोबात कोणालाही ती खटकली नसती. खटकते ती माकडांच्या बाबतीत. उणे दोन माकडे कोणी पाहिली आहेत? गणित एक सांगते आणि माणसाची समजूत दुसरे. भास्कराचार्यांनी कोणती बाजू घेतली हे तर दिसतेच, पण गणिताचे म्हणणेही त्यांनी लपवले नाही. दोन्ही उत्तरे लिहून मग एक मागे ठेवले. आजही पाठ्यपुस्तकात वयाची किंवा आयताच्या लांबीची उदाहरणे सोडवताना ‘लांबी ऋण असू शकत नाही’ असे लिहून एक मूळ खोडले जाते, तेव्हा हाच निवाडा चालू असतो.

पद्मनाभाने आपल्या बीजगणितात दोन मुळे येण्याचा नियम सांगितला होता. त्यावर भास्कराचार्यांचा आक्षेप सावलीच्या गणिताने येतो. बारा अंगुळे उंचीच्या शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, सावली घ्या, तीतून कर्णाचा तिसरा भाग वजा केला तर चौदा उरतात, सावली किती? उत्तरे साडेबावीस आणि नऊ. साडेबावीसला कर्ण साडेपंचवीस, तिसरा भाग साडेआठ, वजा केले की चौदा. नऊला कर्ण पंधरा, तिसरा भाग पाच, आणि वजा केले की चार उरतात, चौदा नव्हेत. म्हणजे हे दुसरे मूळ समीकरणाचा वर्ग करताना आत घुसले. म्हणून भास्कराचार्य म्हणतात की पद्मनाभाचा नियम सरसकट चालत नाही, प्रत्येक ठिकाणी उत्तर तपासून घ्यावे लागते. वर्ग केल्याने फसवी उत्तरे येतात हे आजच्या विद्यार्थ्याला धड्यातून कळते. इथे ते एका सावलीतून पकडलेले आहे.

ऋणाच्या वर्गमुळाबाबत मात्र त्यांनी काहीच सवलत ठेवली नाही. धनाचा वर्ग धन, ऋणाचाही वर्ग धन. मग ऋण संख्या कोणाचाच वर्ग नाही, म्हणून तिला मूळ नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या महावीराचार्यांनीही नवव्या शतकात हेच सांगितले होते.

एवढा कसोशीचा ग्रंथ टिकवायला मागे काय होते? त्याचे उत्तर खानदेशात सापडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड चाळीसगावजवळच्या पाटणला गेले आणि तिथल्या भवानीच्या देवळात त्यांना एक शिलालेख मिळाला. त्याचा वृत्तांत १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. लेख शके ११२८ चा. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची नामावळी आहे: त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंत, मग भास्कर, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्याकडे नेले, चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव या सामंताने त्याला दान दिले. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण पैशांची बाब आली की दगड मराठीत बोलू लागतो: पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर राजाकडे जाणारा हिस्सा मठाला द्यावा. वर्गमुळे शिकणाऱ्या पोरांचा खर्च बाजाराच्या करातून चालत होता. बाजारातल्या माणसांना हे कितपत आवडले असेल, तो भाग वेगळा.

या मठाचे काय झाले ते नुसत्या शिलालेखावरून कळत नाही, पण भास्कराचार्यांच्या पुस्तकांचा पाठ मराठी मुलखात तुटला नाही. गोदाकाठच्या पाथरीचे सूर्यदास यांनी १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर टीका लिहिली. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, ज्यांच्या ‘ग्रहलाघवा’वर पिढ्यान् पिढ्या पंचांगे चालली, त्यांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली. आणि सतराव्या शतकाच्या तोंडावर कृष्ण दैवज्ञ. त्यांचे घराणे मूळ विदर्भातल्या पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे, पण पुढे काशीत स्थिरावलेले. त्यांच्या ‘बीजपल्लवा’त नियम नुसते सांगितलेले नाहीत, ते का खरे हेही समजावले आहे.

ऋण संख्या लोकांना पटत नाही, या भास्कराचार्यांच्या अडचणीला कृष्ण दैवज्ञ नकाशाने उत्तर देतात. काशीच्या पूर्वेला पाटणा पंधरा योजने आणि पश्चिमेला प्रयाग आठ योजने आहे असे धरा. पूर्वेकडचे अंतर धन मानले तर पश्चिमेकडचे ऋण. दोघांतला फरक काढायचा तर वजाबाकी करताना मिळवणी होते आणि तेवीस योजने येतात. ऋण म्हणजे उलटी दिशा, उलटी वेळ किंवा वस्तूच्या मालकीची उलटी बाजू. काशीत बसून, गंगेचा नकाशा डोळ्यांपुढे आणून, या विदर्भीय माणसाने ऋण संख्येला राहायला जागा दिली. माकडांना कर्ज नसते, पण प्रवाशाला मागे जाता येते. उदाहरण बदलले की पटण्याची सीमाही सरकते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

त्याच सुमारास हे ग्रंथ फारसीत उतरू लागले होते. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. घटिकापात्रात मोती पडून मुहूर्त हुकल्याची ती प्रसिद्ध कथा त्याच्याच प्रस्तावनेतून जगभर गेली. मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही, तरी आजही ती इतिहास म्हणून सांगितली जाते. ‘बीजगणिता’चा फारसी अनुवाद अताउल्ला रशीदीने शहाजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये केला. त्यावरून एडवर्ड स्ट्रेचीने १८१३ मध्ये इंग्रजी पुस्तक काढले. १८१७ मध्ये कोलब्रुकने थेट संस्कृतवरून ब्रह्मगुप्त आणि भास्कर यांचे अनुवाद लंडनमध्ये छापले आणि युरोपला माकडे, भुंगे, सावल्या सगळे एकदम वाचायला मिळाले.

जुनी आणि नवी रीत एकाच डोक्यात येण्याचा काळ हाच. पुण्यात १८२१ मध्ये जन्मलेले बापूदेव शास्त्री नागपुरात धुंडिराज मिश्रांकडे ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ शिकले. भोपाळचा पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन याने त्यांना सिहोरच्या पाठशाळेत नेले आणि १८४२ मध्ये ते काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले.

पण नवी वाट काढली ती त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या एका शिक्षकाने, दिल्ली कॉलेजातल्या मास्टर रामचंद्र यांनी. जन्म पानिपतचा, तोही १८२१ चा. १८५० मध्ये त्यांनी पदरचे पैसे घालून कलकत्त्यात एक इंग्रजी पुस्तक छापले: महत्तम आणि किमान किमती काढण्यावर, कलनाची मदत न घेता. नुसत्या वर्गसमीकरणाने.

त्यांची युक्ती एका साध्या उदाहरणात दिसते. वीसचे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार सगळ्यात मोठा येईल. एक भाग क्ष, दुसरा २० − क्ष, गुणाकार र समजा. समीकरण होते क्ष² − २०क्ष + र = ०. सोडवले की क्ष = १० ± √(१०० − र). आता र शंभरापेक्षा मोठा घेतला तर मुळाखाली ऋण संख्या येते, आणि ऋणाला मूळ नाही. म्हणून र जास्तीत जास्त १००, आणि त्यासाठी दोन्ही भाग दहा-दहा. महावीराचार्य आणि भास्कराचार्य यांनी जिथे ‘पुढे जाता येत नाही’ अशी पाटी लावली होती, तीच पाटी रामचंद्रांनी मोजपट्टीसारखी वापरली. जिथे उत्तर अशक्य होऊ लागते, तिथेच सर्वात मोठी किंमत बसलेली असते.

कलकत्त्याच्या नियतकालिकात पुस्तकावर टीका झाली. पण कलकत्त्यात मुलींची शाळा काढणाऱ्या बेथून साहेबांनी त्याची प्रत लंडनला ऑगस्टस डी मॉर्गनकडे धाडली. डी मॉर्गन मद्रास इलाख्यात मदुरेला जन्मलेले, त्या काळचे इंग्लंडमधले मोठे तर्कशास्त्री आणि गणिती. कलन नुकते सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला हे पुस्तक उपयोगी पडेल असे त्यांना वाटले. शिवाय हिंदुस्थानची जुनी बीजगणिती चाल इथे पुन्हा जागी झाली आहे असेही त्यांचे मत झाले. कंपनीच्या संचालकांशी बोलणी करून त्यांनी ते लंडनमध्ये पुन्हा छापवले, स्वतःची लांबलचक प्रस्तावना जोडून. हे सगळे जमेपर्यंत १८५९ साल उजाडले. मधल्या काळात दिल्लीत बंड झाले. १८५२ मध्ये ख्रिस्ती झालेले रामचंद्र शहरातून जीव मुठीत धरून निसटले, काही महिने रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवू लागले, आणि लंडनची आवृत्ती छापून निघाली तेव्हा ते दिल्लीतल्या नव्या जिल्हा शाळेचे मुख्याध्यापक होते.